उतारावरचा ब्रेक

“आत्याबाई, खुर्चीचा ब्रेक लावला का?” सांगलीपासून लडाखपर्यंत दर थांब्यावर सुनेचं, वैजूचं, हेच पालुपद. पाय गेलेत माझे, अक्कल नाही!

घाटात जीप पंक्चर झाली. मला चढावर बसवून वैजू खाली चाक बदलत होती. वाटेत कीव येऊन गाडीत घेतलेल्या माणसानं तिचे केस धरले, सुरा उगारला. “चावी दे, नाहीतर चिरतो!” माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मी ब्रेक काढला. खुर्ची धडाडत उतरली आणि पायाखालची लोखंडी पट्टी त्याच्या नडगीत घुसली. हाड कडकन मोडलं. वैजूनं चाकाच्या पान्यानं त्याचा सुऱ्याचा हात ठेचला.

मातीतून मला उचलताना ती म्हणाली, “ब्रेक लावला नव्हता का?”

“लावला होता. मीच काढला. त्याला लोळू दे इथंच. चाक बसव, खिंड गाठायचीय.”