शेवटच्या दोन बाटल्या

सुज्ञ वाचकहो, श्वासनलिकेस ग्रासणाऱ्या एका विषाणूच्या अंगावरील प्रथिनाचे कार्य सन १९७२ मध्ये बेलापूरनजीकच्या एका लहानशा प्रयोगशाळेत कोणत्या रीतीने सिद्ध झाले, त्याचा वृत्तान्त येथे निवेदन केला जात आहे.

दोनच बाटल्या उरल्या होत्या. डॉक्टर सुमंतांनी त्या उजेडासमोर धरल्या. काचेच्या तळाशी मानवी फुप्फुसाच्या पेशींचा धुरकट थर होता. दिवस भरण्यापूर्वीच गेलेल्या एका अर्भकाच्या त्या पेशी तीन वर्षांपूर्वी नगरच्या इस्पितळातून आल्या होत्या. बाटलीत त्या वाढल्या, दुणावल्या. आता थकल्या होत्या.

बाटल्या धुणारा छगन शेजारीच उभा होता. तोही तीन वर्षांपूर्वीच आलेला. काष्टीस स्वतःची बागायत असलेला मनुष्य इतक्या दूर हे काम करण्यास का आला, हे डॉक्टरांस कधी उमगले नाही. पहिल्या दिवशी त्याने फक्त पेशी कोणत्या इस्पितळातल्या, एवढेच विचारले होते. मग बाटलीवरील तारीख तो बराच वेळ वाचीत राहिला.

तळहात चोळून उबदार केल्याखेरीज तो बाटलीस स्पर्श करीत नसे. एकदा दिवसभर वीज नव्हती, तेव्हा बाटल्या पोटाशी धरून बसला. अंडी उबवतोस काय रे, अशी डॉक्टरांनी थट्टा केली. छगन हसला नाही.

डॉक्टरांनी बेत सांगितला. विषाणूपासून वेगळे काढलेले प्रथिन एका बाटलीत घालावयाचे, दुसरीत काहीच नाही. मधले पडदे विरघळून पेशी एकमेकींत मिसळल्या, तर ते कार्य त्या प्रथिनाचेच. तदनंतर दोन्ही बाटल्यांत रंग घालून तुलना करावयाची. रंगाने पेशी मरतात.

"सायेब, दुसरी तेवढी ऱ्हाऊ द्या. मी सांभाळतो."

"अरे, ताडून पाहायला तीच लागते. नाहीतर कोण विश्वास ठेवील?"

"तीन वर्सं सांभाळली की."

"म्हणून तर प्रयोग होतोय. निबंधात तुझे आभार मानीन."

छगन तळहात चोळू लागला.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या बाटलीतील पेशी एकमेकींत विलीन झालेल्या दिसल्या. दुसरीतील सुट्या, शाबूत होत्या. डॉक्टरांनी दोन्हींवर रंग ओतला. अनेक वर्षांचे श्रम सफल झाले होते. त्यांनी पेढे मागविले. छगनने पेढा घेतला नाही. रंग घातलेल्या बाटल्या न धुता भट्टीत टाकण्याची रीत होती. तसे त्यास सांगून डॉक्टर निबंध लिहिण्यास बसले.

दुपारी ते मागील दारी आले. भट्टी थंडच होती. कडुनिंबाखाली छगन खड्डा खणीत होता. त्याची पत्नी छबूबाई जवळ बसली होती. तिच्या मांडीवर एक न वापरलेली कुंची होती आणि कुंचीत गुंडाळलेल्या त्या दोन बाटल्या.

"भट्टीत टाक म्हणालो होतो ना?" डॉक्टर म्हणाले.

छगनने हात थांबविला नाही.

"ल्हान लेकरू जाळीत न्हाईत, सायेब."

ज्या वाचकांनी येथवर सोबत केली, त्यांचा मी ऋणी आहे.

आपला नम्र,
छगन रंगनाथ खेतमाळीस,
मु. काष्टी