दोन हाका

दहावीचा शेवटचा पेपर देऊन तिघी मैत्रिणी घरी न जाता गावाबाहेरच्या, तळाशी भुयार असलेल्या जुन्या सुरंग विहिरीत उतरल्या. तिथं जायला घरून सक्त मनाई होती. श्रीदेवी हसत हसत भुयारात पुढं गेली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं अंधारातून घोगरी हाक आली, “हेमे…”

हेमावती पुढं सरकली, तसा पल्लवीनं तिचा हात घट्ट धरला. “ओ देऊ नको गं. आवाज तिचा वाटत न्हाई. तिसरी हाक आली, तरच ती आपली श्रीदेवी.”

दुसरी हाक आली. दोघी श्वास रोखून तिसरीची वाट बघत राहिल्या. ती आलीच नाही.

संध्याकाळी लोकांनी श्रीदेवीला भुयारातल्या डोहातून बाहेर काढलं. कपारीला धरून धरून तिची बोटं सोलवटली होती.

शरणम्माकाकूंनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. “तुमी दोघी तिथंच व्हता न्हवं, हेमा? एक हाकसुद्धा मारली न्हाई का गं माझ्या लेकरानं?”

“न्हाई काकू,” हेमावती म्हणाली. “आमाला कायबी ऐकू आलं न्हाई.”

भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे तिघींना लहानपणी अंगणात जवळ बसवून काकूंनीच शिकवलं होतं.