विमानापर्यंत

सहलीला जायचंय म्हणून सांगितलं होतं, पण आईनं, मंगलाबाईंनी, नवी साडी पुढं केली तेव्हाच खुशबूला कळलं, की जुन्या मोटारी आणि विमानं हे नुसतं निमित्त आहे. नारायणगावात घरी दाखवायचा कार्यक्रम केला आणि नकार आला, तर पेठेत बोभाटा होतो. म्युझियमात दोन घरं सहज भेटली, असं म्हणता येतं.

मुलाकडचे आधीच येऊन म्युझियमच्या अंगणात एका लाल मोटारीपाशी उभे होते. मुलगा मोटार बघत राहिला. बोलत होती ती त्याची आत्या.

"चष्मा काढ बेटा, आणि तो लांबचा बोर्ड वाच."

खुशबूनं वाचला.

"आता चपला काढून याच्या शेजारी उभी राहा. खरी उंची कळू दे."

अंगणातली फरशी तापली होती. "पप्पा," ती हळूच म्हणाली. चंपालाल खाली मान घालून उभे होते. मंगलाबाई कुजबुजल्या, "झालंच गं आता."

"त्या विमानापर्यंत चालत जा आणि परत ये. पायात काही खोट नाही ना, बघते."

खुशबू अनवाणीच निघाली. विमानापाशी पोचली, पण वळली नाही. पंखाखालून वाकून पलीकडं गेली आणि तशीच गेटकडं चालत राहिली.

"अहो, थांबवा तिला!" मंगलाबाई ओरडल्या.

चंपालालनी वाकून लेकीच्या चपला उचलल्या.

"चाल बघितलीत ना, ताई?" ते आत्याला म्हणाले. "काही खोट नाही. येतो आम्ही."