केळुसकर सरांचा हात

दिगंबर केळुसकर सरांनी फिजिओथेरपी कॉलेजात तीस वर्षं मुलांना पाठीचे मणके चाचपायला शिकवलं, आणि शेवटची दोन वर्षं यंत्राला. यंत्र इतकं गुणी निघालं की पाठीला गार हात लागू नये म्हणून तळहातांवर तोंडाची वाफ सोडायची सरांची सवयही त्याने उचलली. त्यासाठी त्याला छोटा हीटर बसवावा लागला.

आता कॉलेज बंद पडलं होतं आणि यंत्र घरोघरी. शेजारच्या शालिनीताईंची कंबर धरली, तेव्हा सरांनी त्यांच्याकडे जाऊन बाह्या सरसावल्या. आठ महिन्यांनी हाताला पाठ मिळणार होती.

"राहू द्या हो," यंत्राखाली पालथ्या पडत ताई म्हणाल्या. "त्यात तुमचाच तर हात आहे."

"मग मी काय करू?"

"तेवढी वाफ सोडा. हीटर बिघडलाय, हात गार लागतो."

सर वाकले आणि यंत्राच्या तळहातांवर वाफ सोडू लागले.