लाल विमान, जरा थांब!

लेकीच्या व्हिडिओ गेममध्ये जुनं महायुद्ध कधी संपलंच नव्हतं. लाल आणि निळी लढाऊ विमानं अजूनही एकमेकांच्या जिवावर उठलेली. आज अंतिम फेरी, आणि नेमकी दारावरची बेल वाजली. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमधून नुकत्याच निवृत्त झालेल्या आईच्या डोक्यावर हेडफोन चढवत लेक म्हणाली, "दोन मिनिटं माझं विमान नुसतं हवेत ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस, आई."

पार्सल घेऊन ती परतली, तर आईने सगळ्या खेळाडूंना ऐकू जाणारा माइक सुरू केलेला. "लाल विमान, जरा थांब. घाई कसली? पुढच्याला आधी उतरू दे. निळं, तू एक चक्कर मारून ये." आवाजात अशी जरब, की गोळीबार केव्हाच थांबला होता. शत्रू आणि मित्र मुकाट्याने रांग लावून एकामागोमाग एक खाली उतरत होते.

लेकीने कपाळावर हात मारला. "अगं आई, युद्ध चाललंय हे!"



"असेल. पण रनवे एकच आहे ना?"