दुसऱ्या आवृत्तीतले बाबा

पहिल्या आवृत्तीत बाबा नव्हते.

तिने पान पुन्हा उलटलं. मागची सूची पाहिली. तिसऱ्या आवृत्तीत होते, दुसऱ्या आवृत्तीत होते; पहिलीत मात्र त्या वर्षाच्या अपघातांमध्ये त्यांचा पत्ताच नव्हता.

लष्करी विमानांच्या इतिहासाचा हा जाडजूड संदर्भकोश. चौथी आवृत्ती निघायची होती आणि जुन्या तिन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून नोंदी ताडून बघायचं काम तिच्याकडे होतं. असल्या कामाला माणसं नाकं मुरडतात. तिने मात्र हात धुऊन मागे लागून ते मिळवलं होतं, कारण दुसऱ्या आवृत्तीतलं एक पान तिला लहानपणापासून तोंडपाठ होतं. टेहळणी विमान, दाट धुकं, डोंगरकडा, एकटा वैमानिक. ते तिचे बाबा. शाळेत कुणी खवचटपणे विचारलं की ती ते पान उघडून दाखवायची आणि विचारणारीची बोलती बंद व्हायची. बाबांचा फोटो घरात नव्हता. घर बदलताना गहाळ झाला, असं आई सांगायची. नव्या आवृत्तीत नोंदींशेजारी फोटो येणार होते. हवाई दलाकडून बाबांचा फोटो मागवायचा आणि एकदाचा त्यांचा चेहरा बघायचा, एवढ्यासाठी ही सगळी धडपड. ऑफिसात तिने यातलं कुणाला सांगितलं नव्हतं. उगाच वशिला नको.

पुस्तक छातीशी धरून ती संपादकांच्या खोलीत गेली. तिन्ही आवृत्त्या त्यांच्याच हातच्या.

"सर, ही नोंद पहिल्या आवृत्तीत राहून गेली होती का?"

संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाशी धरलं आणि खो खो हसत सुटले.

"अगं, हा तर माझा सापळा! पहिली आवृत्ती एका भामट्याने जशीच्या तशी छापून विकली. मग दुसरीत मी एक खोटा अपघात घुसवला. ती नोंद ज्याच्या पुस्तकात दिसली तो चोर. आम्ही कोशवाले करतो असं. नाव आमच्या न्हाव्याचं, आडनाव घरमालकाचं आणि विमानाचा नंबर माझ्या स्कूटरचा!" त्यांनी डोळे पुसले. "तू नोकरीला आलीस ना, तेव्हा तुझं आडनाव ऐकून हसूच आलं होतं मला. आता काढून टाक त्याला."

"आणि धुकं?" तिने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"धुकं मात्र लिहिताना खिडकीबाहेर होतं खरं."

ती जिन्यात आली. भिंतीला टेकून तिने आईला फोन लावला.

"आई, पुस्तकातले ते माझे बाबा नाहीत ना?"

आई हळूच म्हणाली, "कळलं शेवटी तुला. तुझा बाप तू पोटात असताना जो गेला, तो गेलाच. त्याचं नाव घ्यायचीही इच्छा नव्हती. शाळेत घालायचं तर बापाचं नाव हवं. मी तेव्हा ग्रंथालयात नोकरीला होते, हे पुस्तक नवीनच आलेलं. बाकी सगळ्यांची गावं, घरची माणसं दिलेली. यांच्यापुढेच कुणी नव्हतं. म्हणून यांचं नाव लावलं तुला. मलाही लावलं. दुसऱ्याचं माणूस उचललं बघ मी, पण त्यांना कधी परकं मानलं नाही. सुखदुःखाचं सगळं त्यांच्याशीच बोलत आले."

"आई, ते कुणाचेच नव्हते. असा माणूस कधी झालाच नाही. संपादकांनी मनाने रचलाय तो."



"म्हणजे," आईला हुंदका फुटला, "तेही नव्हते?"