पक्का पाया

महाडच्या कॉलेजात नव्या मुलांना कॉम्प्युटर आणि नोकरीचं मार्गदर्शन करायचं काम श्रीधर सरांच्या गळ्यात पडलं, तेव्हा त्यांनी प्राचार्यांकडे एकच गोष्ट मागितली: तास मंगळवारी दुपारी दोन ते चार हवा. भारनियमनाची वेळही नेमकी तीच होती. दर मंगळवारी मुलं चपला बाहेर काढून आत यायची, सर कॉम्प्युटरवरचं कापड उचलायचे आणि दोनच्या ठोक्याला लाईट जायची. मग सर हळहळत पुठ्ठ्यावर काढलेला कीबोर्ड फळ्याला टांगायचे. "आधी पाया पक्का करा, नोकरी हात जोडून येईल." पाया श्रावणापासून दिवाळीपर्यंत पक्का होत राहिला.

त्या मंगळवारी मात्र सव्वादोन झाले तरी पंखा गरगरत होता.

"सर, आज चालू करा की!" पोरं खुर्चीभोवती जमली. सरांनी कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मानेवरून घाम निथळू लागला. इतक्यात पंखा थांबला.

"अरेरे, गेलीच शेवटी!" म्हणत सरांनी पोरांना आनंदाने घरी पिटाळलं.

मागे राहिली पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची मैना. दाराजवळच्या मेन स्विचवर तिचा हात होता. तिने स्विच वर केला, पंखा फिरू लागला.

"दादा मुंबैला सायबर कॅफेत कामाला हाय, सर. त्यानंच मला शिकवलंय," ती म्हणाली. "या, बसा खुर्चीत. घाबरू नका, पाया तर तुमचा पक्का हाय."